नळाचा घसा

जालना जिल्ह्यातल्या आमच्या मंठ्यात पाणी दिसायच्या आधी ऐकू येतं. वॉल्व्ह उघडला की कोरड्या पाइपातली हवा पाण्याच्या पुढे पळत सुटते आणि तोटीतून फुसफुसायला लागते. मग दोन-चार ठसके, मग एक गढूळ चूळ आणि त्यानंतर कुठे धार. एवढ्या फुसफुशीवर गल्ली जागी होते. "नळ आले!" ही हाक एका दारातून दुसऱ्या दारात जाते, हंडे-कळशा बाहेर येतात, कुणाची तरी मोटार घरघरू लागते.

माझ्या लहानपणी उन्हाळ्यात नळ कधी सुटतील याचा नेम नसायचा. आई झोपताना तोटी उघडीच ठेवायची आणि तिच्याखाली जर्मनचं रिकामं पातेलं. पहिला थेंब पातेल्यावर वाजला की तिचे डोळे उघडत आणि पाठोपाठ आमचेही. नळाच्या आवाजाबद्दल आमच्या घरात कधी कुणी कुरकुरलं नाही. कुरकुर असायची ती नळ गप्प बसल्याची.

अशा घरातून निघून मी पोटापाण्यासाठी नळच काढायला लागलो, आधी कागदावर आणि नंतर कॉम्प्युटरच्या पडद्यावर. वाळूजच्या एका कारखान्यात आमचं ड्रॉइंग ऑफिस होतं. एकदा तिथे गरम-थंड पाण्याचा नवा मिक्सर करायचं काम आलं. अटी दोनच होत्या : आवाज कमी हवा आणि बनवायला सोपा हवा. पहिली अट वाचून मला हसू आलं. आवाज न करणारा नळ आईला दाखवला असता, तर बिघडलेला समजून तिने तो परत पाठवला असता.

पण काम काम असतं, आणि हे काम वाटलं त्याहून खोल निघालं.

नळ म्हणजे पाण्याच्या वाटेत मुद्दाम ठेवलेली अडचण. एक फट असते, ती आपण लहान-मोठी करतो, इतकंच. ऑफिसात आम्ही त्या फटीला घसा म्हणायचो. पाइपातला दाब खर्च होतो तो या घशात. युरोपातल्या प्रयोगशाळांत मिक्सरचा आवाज मोजतात तो तीन बार दाबावर, म्हणजे तीस मीटर उंचीच्या टाकीखाली जेवढा दाब असेल तेवढ्यावर. हा सगळा दाब एकाच फटीत खर्ची पडला, तर पाणी तिथून सेकंदाला साधारण साडेचोवीस मीटर वेगाने सुटतं. ताशी 88 किलोमीटर. आमच्या जालना-मंठा रस्त्यावर एसटीसुद्धा क्वचितच एवढी पळते.

वेग चढला की त्या जागचा दाब उतरतो. फारच उतरला, तर थंड पाणी जागच्या जागी उकळायला लागतं आणि वाफेचे बारीक बुडबुडे धरतात. फट ओलांडून पाणी मोकळ्यात आलं, दाब सावरला, की हेच बुडबुडे आतल्या आत मिटतात. अशी पोकळी मिटताना केवढा दाब तयार होतो याचं गणित लॉर्ड रॅले यांनी 1917 मध्ये मांडलं. जहाजाच्या पंख्याचा धातू कुरतडण्याइतका तो असतो. नळात बुडबुडे बारीक असतात, पण मिटताना प्रत्येकाची एक टिचकी वाजते. अशा असंख्य टिचक्यांची मिळून ती ओळखीची शीळ होते. वेग दुप्पट झाला म्हणून आवाज दुपटीवर थांबत नाही. तो कित्येक पटींनी चढतो.

शिवाय एवढ्याशा नळाचा आवाज एवढ्याशा नळात राहत नाही. नळ पाइपाला सांगतो, पाइप भिंतीला, आणि भिंत शेजाऱ्याला. एकाच इमारतीत वीस बिऱ्हाडं राहू लागली तेव्हा हे दुखणं मोठं झालं. वरच्या मजल्यावरच्या माणसाने रात्री हात धुतले की खालच्याची झोपमोड. जर्मनीत त्यावर नियमच झाले. प्रयोगशाळेत 20 डेसिबलच्या आत राहणारा नळ पहिल्या गटात, 30 च्या आतला दुसऱ्या गटात, आणि त्याच्या वरच्याला राहत्या इमारतीत जागा नाही. नळाच्या आवाजाची मोजणी कशी करायची, खोली कशी असावी, पाइप कसा असावा, याचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे : आयएसओ 3822.

घसा शांत करायचा उपाय सांगायला सोपा आहे. सगळा दाब एका ठिकाणी खर्च करू नका, दोन-तीन टप्प्यांत करा. कडा धारदार ठेवू नका. आतली वाट एकदम अरुंद, एकदम रुंद होऊ देऊ नका. भिंतीतून येणाऱ्या जोडात रबराचा अडसर बसवा, तोंडाशी बारीक जाळी द्या, म्हणजे धार फुटणार नाही आणि भांड्यावर आदळणारही नाही. हे सगळं आम्ही पडद्यावर काढलं आणि फाइल ओतकाम करणाऱ्यांकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी फाइल परत आली. सोबत निरोप होता : इथे येऊन ओतून दाखवा.

त्यांचं खरं होतं. पितळ ओतताना आत पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचा कोअर ठेवतात. कोअर जेवढा वाकडातिकडा, तेवढा तो तुटायची आणि सरकायची भीती जास्त. केसभर सरकला तरी नळाची एक बाजू जाड होते आणि दुसरी पातळ. मग नळ तासला जातो, आटे पडतात, बफिंग होतं, निकेल चढतं, क्रोम चढतं. आणि अगदी शेवटच्या दाबाच्या चाचणीत त्या पातळ बाजूतून पाण्याचा मोती डोकावतो. तोवरची सगळी मजुरी भंगारात. शांत नळाला आतून वळणं हवीत आणि ओतणाऱ्याला सरळ वाट हवी. आमच्या दोन अटी एकमेकींशी भांडत होत्या.

या भांडणातून वाट काढली ती एका अमेरिकन तरुणाने. गोष्ट 1937 मधली आहे. अल्फ्रेड मोएन हा शिकता शिकता एका गॅरेजात काम करत होता. हात धुताना दोन तोट्यांच्या जुन्या नळातून एकदम कढत पाणी आलं आणि त्याचे हात भाजता भाजता राहिले. एकाच दांड्याने पाणी किती हवं आणि किती गरम हवं हे दोन्ही ठरवता यायला हवं, हे तेव्हा त्याच्या डोक्यात बसलं. मध्ये महायुद्ध येऊन गेलं. अनेक नमुने मोडून-जोडून 1947 मध्ये त्याचा एकदांडी मिक्सर सॅन फ्रान्सिस्कोत विकायला आला. आज आपण ज्याला कार्ट्रिज म्हणतो, ते छोटं नळकांडं त्याच वाटेने पुढे घडत गेलं. त्यातली युक्ती मला अजूनही मोठी वाटते. जे अवघड आहे ते लहान करा आणि वेगळं काढा. सगळा नाजूकपणा कार्ट्रिजमध्ये गेला की उरलेलं पितळी अंग म्हणजे दोन वाटा आत, एक वाट बाहेर. ते कुठलीही साधी फाउंड्री ओतू शकते. कार्ट्रिजमध्ये ॲल्युमिनाच्या दोन चकत्या असतात, घासून घासून इतक्या सपाट केलेल्या की उंच-सखलपणा एका मायक्रॉनच्याही आत राहतो. त्यांच्यावरची भोकं एकमेकांसमोर आली की पाणी वाहतं, सरकली की थांबतं. पाण्याची वाट अनेक बारीक छिद्रांत वाटून दिली, तर घसाही निवळतो. भांडण मिटलं ते असं.

मिटलं म्हणावं तर पुन्हा एक कुरापत शिल्लकच होती. जुनी पिळाची तोटी बंद करायला दोन-तीन वेढे लागतात. तिची चाल इंग्लंडमधल्या रॉदरहॅमच्या गेस्ट अँड क्राइम्स कारखान्याने 1845 मध्ये पेटंट घेतलेल्या नळापासूनची, आणि आपल्या आयएस 781 या मानकातला बिबकॉकही त्याच कुळातला. तिच्यातला वायसर ढिला झाला की ती गुरगुरते, हे खरं. पण बंद होते सावकाश. एकदांडी मिक्सरचा दांडा मात्र एका टिचकीत खाली येतो. धावतं पाणी अचानक अडलं की ते पाइपाला धडक देतं आणि भिंतीत धाडकन ठोका ऐकू येतो. मॉस्कोच्या पाणीपुरवठ्यात पाइप फुटायचे, त्याचा शोध घेताना निकोलाय झुकोव्हस्की यांनी 1898 मध्ये या धडकेचं सूत्र छापलं. लोखंडी पाइपातलं पाणी सेकंदाला एक मीटर एवढ्या साध्या वेगाने जात असताना एकदम थांबवलं, तर दाब क्षणभर बारा बारने उसळतो. सीपीव्हीसीसारख्या प्लास्टिकच्या पाइपात ही उसळी बरीच कमी असते, कारण पाइप किंचित ताणला जाऊन धडक अंगावर घेतो. म्हणजे शांतता काही नळाच्या एकट्याच्या हातात नसते. मागचा पाइप कसला, त्यात दाब किती आणि बंद करणारा हात कसा, यावरही ती ठरते.

हे सगळं मला वाळूजमध्ये समजलं होतं. मंठ्यात ते वेगळ्या बाजूने समजलं.

गावातलं घर नव्याने बांधलं तेव्हा न्हाणीघरात एक चांगल्यातला मिक्सर आणला. गच्चीवर टाकी, शेजारी सोलर. प्लंबर आला, मिक्सर हातात घेऊन त्याने वजन पाहिलं, खोक्यावरची चित्रं पाहिली आणि विचारलं, "भाऊ, टाकी किती उंचीवर हाय?"

"नळापासून दहा फूट असेल."

"मग पानी देईल हा. पर रुसून देईल."

गणित करून पाहिलं तर त्याचा शब्द न् शब्द बरोबर होता. दहा फूट म्हणजे तीन मीटर, म्हणजे 0.3 बार. प्रयोगशाळेतल्या दाबाचा दहावा हिस्सा. दाब दहा पटीने उतरला की धार तीन पटींहून जास्त उतरते. तिकडे मिनिटाला बारा लिटर देणारा नळ आमच्या न्हाणीत चार लिटरही देणार नाही. सोळा लिटरची बादली भरायला चार मिनिटांच्या वर. पाण्याचा वेग सेकंदाला आठ मीटरच्या आत राहणार, त्यामुळे शिळेचा प्रश्नच नाही. जी शांतता मिळवायला आम्ही वर्ष घालवलं, ती मंठ्यात फुकट होती. नव्हती ती धार. प्लंबरने पान्याने तोंडाची जाळी उतरवली आणि खिडकीत ठेवून दिली. मग आतला दाब रोखणारा तुकडा काढला, तोही तिच्या शेजारी ठेवला. माझ्यासारख्या एखाद्या ड्रॉइंगवाल्याचे महिने त्या खिडकीत जाऊन बसले, आणि नळ बरा चालू लागला.

जाळी तशीही टिकली नसती. आमची जमीन काळी, खाली बेसॉल्टचा खडक. बोअरचं पाणी त्या खडकाच्या भेगांतून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन वर येतं. बादलीच्या काठाला, गिझरच्या कॉइलला, तोटीच्या तोंडाला त्याचा पांढरा थर धरतो. जाळीची भोकं काही महिन्यांत बुजतात. कार्ट्रिजच्या चकत्या वाळूला दाद देत नाहीत, कारण ॲल्युमिना वाळूहून कितीतरी कठीण असतो. पण खालच्या रबरी सीलमध्ये कण रुततात आणि क्षारामुळे दांडा जड होत जातो. पिळाच्या तोटीचा वायसर गेला, तर तो बसस्टँडजवळच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कार्ट्रिज गेला तर त्याच मापाचा मिळेलच असं नाही. 35 मिलिमीटर आणि 40 मिलिमीटर ही चालू मापं. त्यांबाहेरचा निघाला, की मग जालना किंवा छत्रपती संभाजीनगरची फेरी.

नव्या न्हाणीत उभं राहिलं की मला आमचा जुना तांब्याचा बंब आठवतो. मध्ये नळी, तिच्यात लाकडाचे तुकडे नाहीतर कोळसा, भोवती पाणी आणि खाली एक पितळी तोटी. ती तोटी फक्त कढत पाणी सोडायची. ते घंगाळात पडलं की तांब्याने विसण घालायचं, हात बुडवून पाहायचा, पुन्हा थोडं घालायचं. म्हाताऱ्यांना किती, तान्ह्या बाळाला किती, तापातून उठलेल्याला किती, हे आजीच्या मनगटाला माहीत होतं. कार्ट्रिजच्या दोन चकत्या करतात ते हेच काम. फरक इतकाच की भांड्यात विसण घालताना कढत आणि गार पाण्यात भांडण नसतं, पाइपात असतं. टाकी आणि सोलर एकाच उंचीवर असले, की दोन्हीकडचा दाब सारखा राहतो आणि मिक्सर गुण्यागोविंदाने चालतो. पण कुणी गार पाण्याची लाइन थेट मोटारीला जोडली, तर जोरातली गार बाजू मिक्सरच्या आतून गरम पाइपात घुसते आणि अंगावर येतं ते नुसतं गार. तिथे नॉन-रिटर्न वॉल्व्ह लागतो. नळ कितीही भारी असला, तरी मागच्या पाइपांचा बेबनाव त्याला मिटवता येत नाही.

मग आमच्या गल्लीतल्या त्या फुसफुशीचं काय? तिचा नळाशी काही संबंध नाही. पाइप दर वेळी रिकामा होतो आणि दर वेळी नव्याने भरतो, म्हणून हवा कोंडते आणि सापडेल त्या तोंडातून बाहेर पडते. मीटर बसवलं तर ते हवेवरही फिरतं. लाइन रिकामी असताना कुणी मोटार लावली, तर फुटक्या जोडातून गटारही आत ओढलं जातं. हवेचा हा त्रास आपल्याकडे जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून पुण्यात पाणी आणलं, तेव्हा त्या नळमार्गावर जागोजागी उच्छ्वास बांधले गेले, ते कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या नहरींवर विटा-चुन्याचे मनोरे आहेत. पाणी त्यांच्यात वर चढतं, हवा सोडतं, दाब मोडतं आणि पुढे जातं. पाणचक्कीच्या उंच भिंतीवरून पडणारं पाणी पाहायला आजही लोक तिकीट काढून जातात. त्या नहरीतल्या दाबाचा आणि हवेचा हिशेब कुणीतरी शतकांपूर्वी मांडून ठेवला आहे.

आज निम्न दुधना धरणाच्या पाण्यावर परतूर, मंठा आणि जालना तालुक्यांतल्या 176 गावांची ग्रीड योजना उभी राहिली आहे. 2019 पासून जल जीवन मिशनखाली दारोदार नळ आले. माणशी रोज 55 लिटर, हे त्यातलं माप. पाणीपुरवठ्याच्या 1999 च्या केंद्रीय नियमावलीत आणखी एक माप होतं, त्याच्याबद्दल कुणी बोललं नाही : एकमजली घराच्या नळापाशी किमान सात मीटरचा दाब. सात मीटर म्हणजे 0.7 बार, आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या दुपटीहून अधिक. लिटर मोजले जातात, नळ मोजले जातात. दाब आणि वेळ मोजला जात नाही. पाइप चोवीस तास भरलेला राहिला तर त्याला ठसका लागायचं कारणच उरत नाही. हे स्वप्नातलं बोलणं नाही. सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या मलकापूरने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखवलं आहे.

नळाची शांतता आधी गावाच्या पाइपात तयार होते आणि मग नळात उतरते, असं माझं आता ठाम मत झालं आहे. जर्मनीत पाइप कायम भरलेला आणि दाब भरपूर, म्हणून तिथल्या कारागिराला उरलं ते घसा निवळायचं काम. आमचा पाइप अजून भरायचा आहे. त्यामुळे आमच्यासाठी नळ करणाऱ्याने आधी घसा मोकळा ठेवावा. आवाजाचे अडसर घालायचे तर ते बोटांनी काढता-घालता येतील असे घालावेत. भाग कमी असावेत, कार्ट्रिज सर्रास मिळणाऱ्या मापाचा असावा, एका पान्यात सगळं उघडावं. जो नळ बनवायला खरोखर सोपा असतो, तो दुरुस्त करायलाही सोपा असतो. तसा नसेल, तर सोपेपणा फक्त कारखान्यापुरता झाला. आणि चाचणीच्या खोलीत तीन बारच्या शेजारी 0.3 बारची एक टाकी आणि बोअरच्या पाण्याचा एक ड्रम कायमचा ठेवावा. वाळूजमध्ये मी ही मागणी लिहून दिली आणि ती मान्यही झाली. आमच्या पुढच्या मिक्सरच्या ड्रॉइंगवर दोन दाबांचे दोन रकाने आहेत.

वाचकांपैकी कुणी घर बांधत असेल, तर एवढं करा. मिक्सर घेण्याआधी टाकीपासून नळापर्यंतची उंची मोजून कागदावर लिहा आणि दुकानदाराला विचारा, एवढ्या दाबावर हा नळ मिनिटाला किती पाणी देईल. कार्ट्रिजचं माप विचारा आणि एक जास्तीचा तेव्हाच घेऊन ठेवा. मिक्सरच्या दोन्ही वाटांवर अँगल कॉक बसवून घ्या, म्हणजे दुरुस्तीच्या वेळी अख्ख्या घराचं पाणी बंद करावं लागणार नाही. जाळी अधूनमधून लिंबाच्या रसात बुडवून ठेवा. आणि दुकानातल्या फळीवर दांडा फिरवून नळ पसंत करू नका. कोरडा असताना प्रत्येक नळ गुळगुळीत फिरतो आणि आवाज एकही करत नाही.